मैदान सोडणारा मुलगा
(छत्रपती संभाजीनगर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पहाटेच्या अंधारात सायकलवरून आमखास मैदानाकडे किंवा विद्यापीठाच्या परिसरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्राकडे निघालेली मुले या शहराला नवी नाहीत. त्यांतील पुष्कळांच्या घरी खेळाची परंपरा नसते. असते ती कोरडवाहू शेतीची, मजुरीची किंवा वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतील पाळीची. अशा घरातला मुलगा मैदानावर उतरतो तेव्हा घरादाराची आशा त्याच्याबरोबर उतरते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. या सवलती न्याय्यच आहेत. परंतु त्यांच्या ओढीने खेळाची उमेदवारी होते, हेही नाकारता येत नाही. आणि मग महाविद्यालयाच्या संघातला सर्वांत होतकरू म्हणून गणला गेलेला मुलगा एके दिवशी सरावाला येईनासा होतो. चौकशी केली तर सांगितले जाते की, त्याचे लक्ष उडाले.

लक्ष उडते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी कल्याणच्या प्रणव धनावडेची हकीकत पाहावी. 4 आणि 5 जानेवारी 2016 रोजी भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात रिक्षाचालकाच्या या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद 1009 धावा केल्या. 129 चौकार आणि 59 षटकार, म्हणजे 870 धावा नुसत्या सीमापार. त्याच्या शाळेने 3 बाद 1465 वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे दोन डाव 31 आणि 52 धावांत आटोपले. हा सामना बरोबरीचा नव्हता, हे आकडेच सांगतात. तथापि तेवढा विचार करण्याची कोणाला सवड नव्हती. क्लिफ्टन कॉलेजच्या कॉलिन्सने 1899 मध्ये केलेल्या नाबाद 628 धावांचा विक्रम मोडला होता आणि देशाला नवा वीर हवा होता. (तो कॉलिन्स पुढे कधीही प्रथम श्रेणीचा सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला आणि 1914 च्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या अपेक्षाभंगाचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.)

मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला पाच वर्षांसाठी दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ही कृती उदारच होती. पण त्या दिवसापासून मुलाची प्रत्येक खेळी त्या हजार धावांच्या तराजूत तोलली जाऊ लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्रीय मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरायचे म्हणून कल्याणचे मैदान रिकामे करण्यावरून पोलिसांशी वाद झाला आणि या मुलाला ठाण्यात नेल्याची बातमी आली. कौतुकाला देश अपुरा आणि सरावाला मैदान नाही, असा हा व्यवहार! धावा आटल्या. 2017 मध्ये वडिलांनी स्वतः संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली, कारण मुलाची कामगिरी होत नव्हती. तो क्रिकेटपासून दूर गेल्याच्या बातम्याही छापून आल्या.

त्या पत्राची बाणेदारपणा म्हणून वाखाणणी झाली, आणि ती योग्यच होती. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला भाडे न मारता पैसे घेणे ठाऊक नसते. परंतु शिष्यवृत्ती ही शिकणाऱ्याला शिकता यावे म्हणून असते. शिकणे अडले असता तिची गरज वाढते. येथे ती मजुरी मानली गेली. काम झाले नाही, म्हणून दाम परत. मजुरी म्हटली की मजुराचे हक्कही आले पाहिजेत. या मुलाच्या वाट्याला त्यांतला एकही आला नव्हता.

या थकव्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये त्यावर पहिला लेख लिहिला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणारी माणसे हळूहळू विझत जाताना त्याने पाहिली होती. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या करताना तिला व्यवसायाशीच बांधले. म्हणजे कारखान्यातला कामगार असा थकू शकतो, परिचारिका थकू शकते. महाविद्यालयीन खेळाडू मात्र विद्यार्थी असल्याने या व्याख्येत बसत नाही. त्याचे फक्त लक्ष उडते!

अमेरिकेत हा पेच थेट कामगार मंडळापुढे गेला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील मुलांनी संघटना करण्याचा हक्क मागितला. मार्च 2014 मध्ये मंडळाच्या शिकागोतील प्रादेशिक संचालकाने निकाल दिला की, हंगामात आठवड्याला 40 ते 50 तास राबणारी, प्रशिक्षकाच्या हुकमतीत वागणारी आणि शिष्यवृत्तीच्या रूपाने मोबदला घेणारी ही मुले कर्मचारीच होत. मुलांनी मतदान केले. मतपेट्या सीलबंद झाल्या आणि ऑगस्ट 2015 मध्ये वरिष्ठ मंडळाने या प्रकरणात अधिकार चालवण्यासच नकार दिला. ती मुले कर्मचारी आहेत की नाहीत, हे मंडळाने सांगितलेच नाही. मते कधी मोजली गेली नाहीत.

आपल्याकडच्या मुलांच्या मागे तसला कोट्यवधी डॉलरांचा धंदा नाही, हे खरे. परंतु घड्याळ तेच आहे. पहाटे सराव, दिवसा तास, संध्याकाळी पुन्हा सराव, मध्ये परीक्षा. दुखरा गुडघा लपवावा लागतो, कारण संघातून नाव गेले की नोकरीच्या अर्जाला जोडायचे प्रमाणपत्रही जाते. निवासी प्रशिक्षण केंद्रांत कामगिरीवर छाननी होते आणि कमी पडणाऱ्याला गाशा गुंडाळावा लागतो. शहरातले मूल निदान आपल्या घरी परतते. दुष्काळी गावातून आलेल्या मुलाची खोली आणि दोन वेळचे जेवण त्या एका खेळावर उभे असते. त्याने थकल्याची कबुली द्यायची ती कोणत्या भरवशावर?

प्रणव धनावडे पुढे पुन्हा खेळू लागला. मैदान सोडणे आणि परत येणे, दोन्ही त्याला करता आले, कारण मागे घर होते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे जाऊन विद्यार्थ्यांनी एक साधी चौकशी करावी: खेळाडूने एक हंगाम विश्रांती मागितली, तर त्याची वसतिगृहातील जागा आणि मेसचे जेवण चालू राहते काय? उत्तर लेखी मागावे.