हरलात तरी बसा: स्विस लीगचं गणित

आजचा विषय बुद्धिबळ. पण ओपनिंग नाही, एंडगेम नाही. आज बोलायचंय क्लबच्या स्पर्धेबद्दल. आणि त्यातही दुसऱ्या फेरीनंतर बॅग उचलून घरी निघालेल्या लोकांबद्दल.

आमच्या क्लबात आठवडाभर नेहमीचं चालू असतं. संध्याकाळी कुणी ब्लिट्झ खेळतं, कुणी पटावर कोडं मांडून बसतं, निवृत्त काका लोक शाळकरी पोरांकडून मात खाऊन "अजून एक डाव" म्हणत असतात. महिन्यातून एका रविवारी रॅपिड स्पर्धा होते, सहा फेऱ्यांची. मी तिथे पंच सरांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसतो, कारण जोड्या सॉफ्टवेअर लावतं आणि सॉफ्टवेअरचं काही बिनसलं की सगळे माझ्याकडे बघतात.

दर महिन्याला एक संवाद ठरलेला. एखादे पालक येतात आणि म्हणतात, "सर, दोन्ही हरलाय तो. आता काय उपयोग? निघतो आम्ही." सरांचं उत्तरही ठरलेलं: "थांबा हो. आता त्याच्या तोडीचा येईल."

हे उत्तर धीर द्यायला म्हणून दिलेलं नाही, त्यामागे गणित आहे. ते नीट समजून घेऊ.

समजा ६४ खेळाडू आहेत. नॉकआउट लावलं तर पहिल्या फेरीतच ३२ जण घरी जातात. रविवारी सकाळी आवरून यायचं, फी भरायची आणि एक डाव खेळून परत! सहा फेऱ्यांत विजेता मिळतो, पण एकूण डाव होतात फक्त ६३.

यावरचा उपाय म्हणजे स्विस पद्धत. १८९५ साली झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती वापरली गेली, म्हणून नाव स्विस. नियम सोपा आहे. कुणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुण असलेले दोघं समोरासमोर येतात आणि त्याच खेळाडूशी पुन्हा गाठ पडत नाही. म्हणजे जिंकलात तर पुढचा प्रतिस्पर्धी जिंकलेला, हरलात तर हरलेला.

आता तेच ६४ खेळाडू घ्या, सहाच फेऱ्या, आणि सोयीसाठी एकही डाव बरोबरीत सुटत नाही असं धरा. पूर्ण गुण असलेले ६४ चे ३२ होतात, मग १६, ८, ४, २ आणि शेवटी १. म्हणजे विजेता तेवढ्याच फेऱ्यांत मिळाला, पण डाव झाले १९२. आणि सगळ्यात जास्त गर्दी कुठे असते माहितीये? बरोबर मधे. २० जण तीन गुणांवर. सहापैकी तीन जिंकले, तीन हरले. स्विस स्पर्धेत हरणं हा अपघात नसतो. बहुतेकांच्या वाट्याला ते येणारच, अशीच तिची रचना आहे.

म्हणून दोन हरलेल्या मुलाचा तिसरा डाव महत्त्वाचा. पहिल्या दोन डावांत पद्धत त्याची पातळी शोधत असते. तिसऱ्यात तिला ती सापडायला लागते आणि खरी झुंज तिथून सुरू होते. नेमकं त्याच वेळी आपण चपला घालतो!

कुणी म्हणेल, हे शेवटच्या टेबलवरच्यांची समजूत काढायला ठीक आहे. तर मग आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीकडे बघा. २०२३ ची फिडे ग्रँड स्विस, आइल ऑफ मॅन, अकरा फेऱ्या. विदित पहिल्याच फेरीत हरला. नॉकआउट असतं तर तिथेच खेळ खल्लास. पण स्विस होती. त्याने ११ पैकी ८.५ गुण केले, स्पर्धा जिंकली आणि तिथून थेट २०२४ च्या कँडिडेट्समध्ये पोचला.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. समान गुण झाले तर क्रमांक कसा ठरवायचा? त्यासाठी बुखोल्झ नावाचा टायब्रेक असतो. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. म्हणजे पहिल्या फेरीत तुम्ही ज्याला हरवलंत, तो नंतर चार डाव जिंकला तर फायदा तुमचा. आपण हरवलेल्या माणसाचं पुढे भलं व्हावं असं मनापासून वाटायला लावणारी दुसरी स्पर्धा मला तरी माहीत नाही. शेवटच्या फेरीला आमच्याकडे पोरं स्वतःचा डाव संपला की सकाळच्या प्रतिस्पर्ध्याच्या टेबलमागे हाताची घडी घालून उभी असतात. चेहरे बघण्यासारखे असतात!

आणि म्हणूनच मधेच निघून जाणं ही फक्त स्वतःची बाब राहत नाही. न सांगता गेलात तर पुढच्या फेरीत कुणीतरी रिकाम्या खुर्चीसमोर घड्याळ चालू करून बसतं. तिकिटाचे पैसे घालून आलेलं असतं, त्याला डाव हवा असतो, फुकटचा गुण नको असतो. आणि तुमच्याशी आधी खेळलेल्यांच्या टायब्रेकमध्ये खेळून मिळवलेल्या गुणांऐवजी नियमातला कल्पित हिशोब येतो.

फोनवर सवय वेगळी लागते, हे मान्य. हरलो, बटण दाबलं, पाच सेकंदांत नवा माणूस. तो कोण, कुठला, पत्ता नाही. क्लबात तुम्ही हात मिळवता, निकालावर सही करता आणि मग तोच माणूस विचारतो, "उंट का दिलास रे तिथे?" दोघं बाहेरच्या बाकावर पट मांडून बसतात. तो अर्धा तास कुठलंही ॲप देत नाही, आणि तो मिळतो हरलेल्या डावानंतरच.

तेव्हा तुमच्या गावात, वॉर्डात स्पर्धा असेल तर नाव द्या. फोन बंद करून बॅगेत टाका. खरंच जायचं असेल तर पंचांना आधी सांगा, जोड्या लागण्यापूर्वी. आणि पहिले दोन हरलात तर डबा खा, पाणी प्या, तिसऱ्या फेरीची यादी भिंतीवर लागेल ती बघा.

तुमच्या तोडीचा कुणीतरी त्याच यादीत स्वतःचं नाव शोधत असेल. भेटू पुढच्या भागात!