अंगणांतील शाळा

(महोत्सवानिमित्त भरलेल्या मातांच्या सभेंत केलेलें भाषण)



देवमंदिराच्या इमारतीविषयीं या महोत्सवांत पुष्कळ बोलणें झालें. आज आम्ही तुमच्या ओट्यावरील मुलांविषयीं बोलणार आहों. रांजणगांव व कुरकुंभ येथील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या, किंवा उसाच्या व कांद्याच्या रानांत राबणाऱ्या आया आपलीं लेंकरें सकाळीं शेजारच्या एखाद्या मावशींच्या हवालीं करितात. घरभेटीस गेलों असतां आम्हांस बहुधा एकच देखावा दिसतो: चारसहा मुलें भिंतीशीं हारीनें बसलेलीं, प्रत्येकापुढें पाटी, आणि "हलूं नका" हा हुकूम. मावशींना दोष कसा द्यावा? संध्याकाळीं आईचा पहिला प्रश्न हाच असतो कीं, "आज काय शिकवलंत?" पाटीवरचा 'अ' दाखवितां येतो, दिवसभराचा खेळ दाखवितां येत नाहीं.

परंतु तीन वर्षांच्या मुलाचीं बोटें पेन्सिल धरण्याजोगीं झालेलीं नसतात. तीं तशीं होतात ओल्या मातीचे बैल करितांना. हुलगे, मटकी व हरभरा परातींत एकत्र करून "निवड बरें" म्हटलें, कीं मूल रंग व आकार यांचा भेद शिकतें. वाटीनें वाळू भरून तांब्यांत ओततां ओततां 'किती' या शब्दाचा अर्थ त्याच्या हातांत येतो. भातुकलींत कोणी सासू होतें, कोणी पाहुणी. तेव्हां मुलें जितकें बोलतात तितकें पाटीपुढें कधींच बोलत नाहींत. मात्र अगदीं तान्ह्यांपुढें चिंचोके वा दाणे ठेवूं नयेत. तीं तें नाकातोंडांत घालितात. हौद व शेततळें यांपासूनही खेळ दूरच असावा.

हें आमच्या पदरचें नाहीं. रोम शहरीं १९०७ सालीं डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं मजुरांच्या चाळींत बालगृह उघडिलें. आईबाप कामावर गेल्यावर तेथील मुलें उनाड राहत असत. त्यांची पद्धति उत्तम, पण साधनें महाग. ताराबाई मोडक यांनीं तीच पद्धति खेड्यास परवडेल अशी केली. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें काम आरंभिलें, आणि शिंपले, बिया, पानें, खडे हींच साधनें ठरलीं. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. 'अंगणवाडी' हें नांव तेथलें. सरकारनें १९७५ सालीं तेंच उचललें.

ताराबाईंच्या उजव्या हात अनुताई वाघ. त्या आपल्या दौंडास लागून असलेल्या बारामती तालुक्यांतील, मोरगांवच्या. तेराव्या वर्षीं लग्न, आणि सहा महिन्यांच्या आंत वैधव्य! त्या काळीं अशा मुलीनें कोपरा धरावयाचा. यांनीं शिक्षण घेतलें आणि जन्म मुलांना दिला. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं या दोघींनीं कुरणांतच शाळा नेली. आम्हांस मात्र त्यांची दुसरी युक्ति अधिक मोलाची वाटते. मोठी मुलगी शाळेंत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागीं ठेविलीं. धाकटें पाळण्यांत, मधलें खेळांत, आणि थोरली वर्गांत.

भीमाकांठच्या उसाच्या फडांवर दर हंगामांत टोळ्या येतात. त्यांच्या कोपीपुढें आठदहा वर्षांची पोर भावाला कडेवर घेऊन बसलेली आपण सर्वांनींच पाहिली आहे. तशा पोरी आपल्या वस्तींतही आहेत. ताईला शाळेंत जाऊं द्यावयाचें, तर भावाला कोणाचा तरी ओटा पाहिजे. आणि त्या ओट्यावर तो रमला पाहिजे. पाटीपुढें डांबून ठेविलेलें मूल दुसऱ्या दिवशीं रडून आकांत करितें, आणि ताईची शाळा पुन्हां बुडते.

तेव्हां ज्या माउल्या मुलें सांभाळितात त्यांनीं येत्या रविवारीं मिस्सानंतर मागच्या अंगणांत थांबावें. येतांना जुनी परात, रिकामे डबे, चिंध्या, जें असेल तें आणावें. माती नदीकांठची आम्ही आणवितों. आणि ज्या घरीं थोरली मुलगी धाकट्यापायीं घरीं राहते, त्यांनीं संकोच न धरितां आम्हांस सांगावें. कोणत्या ओट्यावर त्या धाकट्यास ठेवावयाचें, तें त्याच वेळीं मिळून ठरवूं.