यादी कुणाच्या हातात?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात स्वयंसेवक नोंदवही सांभाळणाऱ्या सभासदांनी केलेले भाषण)



पंचवीस वर्षांत आपण बरंच काही बदललं, पण गणपती, रक्तदान शिबिर आणि एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची विचारपूस अजून आपलेच लोक करतात. तेही बिनपगारी! त्यांची नोंदवही माझ्याकडे असते, म्हणून दोन शब्द.

या वहीत नाव, फ्लॅट, फोन असतो. रक्तगट आणि मागच्या रक्तदानाची तारीख असते, कारण पुन्हा रक्त देण्याआधी पुरुषांना 90 दिवस आणि स्त्रियांना 120 दिवस थांबावं लागतं. आणि एक फार नाजूक पान असतं: कुठल्या घरात कोण एकटं राहतं आणि त्या घराची दुसरी किल्ली कुठल्या स्वयंसेवकाकडे आहे. हे पान वॉचमनच्या टेबलावर राहिलं, तर चोराला टेहळणी करायचीही गरज नाही. म्हणून ते बंद पाकिटात, कुलपात असतं. सेक्रेटरी आणि मी, दोघांनीच उघडायचं.

काही जण म्हणतात, ‘‘आम्ही सभासद आहोत, कागद बघायचा हक्क आहे आमचा.’’ आहेच की! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960. उपविधी, ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं खुशाल बघा. पण शेजारच्या काकूंना कसल्या गोळ्या चालू आहेत, ते त्यात येत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 सालीच सांगितलंय.

मागे शिबिराच्या यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. यादीतल्या एका मुलीला रात्री-अपरात्री अनोळखी फोन यायला लागले. तिने नंबर बदलला आणि आपलं कामही सोडलं. सुई बघून घाबरणाऱ्यांना गप्पांत गुंतवावं तर तिनेच. तिच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही.

आता नवे फॉर्म येतील. आजाराचा रकाना ऐच्छिक आहे. आधारची झेरॉक्स नको, ओळख आपल्याला आहेच. ज्यांना जुने फॉर्म परत हवेत, त्यांनी येत्या रविवारी दहा ते बारा ऑफिसात यावं. उरलेले आम्ही बारा वाजता तिथेच फाडणार आहोत.