डोकेदुखीची रोजकीर्द
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे. औषध सुचविणे हा आमचा अधिकार नव्हे. परंतु हिशेबाची एक गोष्ट सांगतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, संयुक्त गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली गेल्यास त्या गोळीनेच डोकेदुखी जडू शकते. म्हणजे जुने कर्ज फेडण्यासाठी काढलेले नवे कर्ज! अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवावी. प्रारंभी दुखणे वाढते. त्या दिवसांत घरच्यांनी धीर द्यावा.

इतरांस आमचा आग्रह रोजकीर्दीचा आहे. डोके कधी दुखले, आदल्या रात्रीची झोप, जेवणाची वेळ, पाणी, गोळी, हे सारे वहीत नोंदवावे. महिना-दोन महिन्यांत कारण बहुधा उमगते. एकादशीस कपाळ ठणकते ते अनेकदा रिकाम्या पोटाने; आणि जे त्या दिवशी चहाही वर्ज्य करतात, त्यांस चहा सुटल्याचा त्रास बहुधा १२ ते २४ तासांत सुरू होतो. त्यांनी चहा आधीपासून हळूहळू कमी करावा. अर्धशिशी असणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ मोडू नये. दुखणे उठल्यास अंधाऱ्या, शांत खोलीत पडावे, कपाळावर गार पाण्याची घडी ठेवावी.

मात्र अकस्मात उठलेली असह्य कळ, तापासोबत आखडलेली मान, अडखळणारी वाचा वा लुळा पडलेला हात दिसल्यास वही मिटावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे, मग रात्र कितीही झालेली असो.