आश्रिताची दाद आणि न्यायालयाचे दार



जुळे सोलापुरातील व्याख्यानमालेत परदेशी आश्रिताचा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील. १९४७-४८ साली रझाकारांच्या जुलमाला भिऊन मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे हैदराबाद संस्थानची हद्द ओलांडून याच जिल्ह्यात आली. त्यांना परत लोटले असते तर काय झाले असते, हे सोलापूरकरांना सांगावयास नको.

आश्रय नाकारला गेला, तर दाद कोठे मागावयाची, हा आजचा विषय. अपील आणि न्यायालयीन पुनर्विलोकन यांची पुष्कळदा गल्लत होते. मामलेदाराने अर्ज फेटाळला, तर अपिलात प्रांतसाहेब निर्णय बरोबर की चूक हे पाहतात. पुनर्विलोकनात न्यायाधीश सहसा तितके खोल जात नाहीत. अधिकाऱ्याला तो अधिकार होता काय, त्याने अर्जदाराचे म्हणणे ऐकले काय, कागद पाहिले काय, हे ते तपासतात. दोष आढळल्यास निर्णय रद्द करून फेरविचार करावयास लावतात.

इंग्लंडात आश्रय नाकारलेल्या माणसाला न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ते फेटाळले गेले, तर वरच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची परवानगी मागता येते. वरच्या न्यायाधिकरणानेही ती नाकारली तर? मोजक्या प्रकरणांत तो नकार उच्च न्यायालय तपासू शकेल, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठरविले. २०२२ साली पार्लमेंटाने कायदा करून ते दार जवळजवळ लावून घेतले.

आपल्याकडे स्थिती उलट आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही; आश्रयाचा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून त्या कायद्याखालचे अपीलही नाही. परकीयांना घालवून देण्याची सरकारची सत्ता अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच म्हटले. मग उरते काय? उरते घटनेचे २२६ वे कलम, म्हणजे उच्च न्यायालयाकडे करावयाचा रिट अर्ज. आणि २१ वे कलम, ज्यात ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित कार्यालयाने मान्यता दिलेल्या एका इराणी गृहस्थाला इराणात परत पाठविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले. जिवाला धोका असेल तेथे माणसाला परत धाडू नये, हे तत्त्व २१ व्या कलमात सामावले आहे, असे गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले. मात्र देशाच्या सुरक्षिततेला बाध येता कामा नये, ही अट घातली.

पारडे नेहमी आश्रिताकडे झुकते असे नव्हे. ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांची सुटका नाकारली. तरीही विहित कार्यपद्धती पाळल्यावाचून त्यांना परत पाठवू नये, असे बजावले. देशाच्या सुरक्षिततेची चिंता खोटी नाही. परंतु तिच्यासाठी माणसाचे म्हणणे न ऐकताच त्याला हाकलण्याची गरज नाही.

२२६ व्या कलमाचा अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे १९९७ साली ठरले. म्हणून आपले दार संसदेलाही लावता येणार नाही. पण कोठडीतला, आपली भाषा न जाणणारा माणूस त्या दारापर्यंत पोचणार कसा? १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरास भरू लागले आणि सोलापूरकरांना ते दार जवळ आले. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. तेथेही ‘नागरिक’ ही अट नाही. येथे बसलेल्या वकील मंडळींनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एवढी गोष्ट त्या माणसाच्या कानी, त्याच्या भाषेत आणि वेळेवर घालावी. परत पाठविल्यानंतर जिंकलेला दावा त्याच्या काय उपयोगाचा?