इफ्फनच्या दादीची बोली

(छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) इथे तरुण वाचकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुमच्यातले जे सीबीएसईच्या शाळेत शिकले, त्यांनी दहावीला हिंदीच्या 'संचयन'मध्ये 'टोपी शुक्ला' हा धडा वाचला असेल. राही मासूम रज़ा यांच्या १९६९ सालच्या कादंबरीचा तो तुकडा. दूरदर्शनवरच्या 'महाभारत'चे संवाद लिहिणारे ते हेच राही. पुढे मुंबईकर झाले आणि १९९२ साली मुंबईतच वारले. धड्यावरचा प्रश्न ठरलेला असतो: टोपी आणि इफ्फनच्या मैत्रीतून काय शिकायला मिळतं? उत्तरही ठरलेलं: हिंदू-मुस्लिम ऐक्य. गुण मिळतात, विषय संपतो.

मला आज त्या दोन पोरांपेक्षा इफ्फनच्या दादीबद्दल बोलायचं आहे. ती थोड्याच पानांत येते आणि मरून जाते. तरी माझ्या मते, टोपीला त्या घरात खरं माणूस भेटतं ते तीच.

दादी पूर्वेकडच्या जमीनदाराची लेक. दूधतुपात वाढलेली. लग्न होऊन आली लखनौच्या मौलवींच्या घरात. तिथे भाषा शुद्ध उर्दू, आणि गाणंबजावणं बंद. मुलाच्या लग्नात तिचा जीव गाण्यासाठी तळमळला, पण गाता आलं नाही. नातू झाला तेव्हा नवरा हयात नव्हता. मग तिने छठीला हौस भागवून घेतली. नमाज-रोजा कधी चुकवला नाही. पण एकुलत्या एका लेकराला देवी आल्या, तेव्हा खाटेजवळ एका पायावर उभं राहून तिने मातेला विनवलं. हे वाचताना काहींच्या कपाळावर आठी पडेल. पडू द्या. पण आपल्या मराठवाड्यात मुसलमानाच्या घरातही त्या आजाराला 'देवी'च म्हणतात, हे तेवढं आठवा.

आणि शेवटपर्यंत ती बोलली आपल्या माहेरची पूरबी बोली. सासरच्या उर्दूने तिला हरवलं नाही.

टोपी तिच्याकडे ओढला जातो तो याच बोलीमुळे. ती त्याच्या आईच्या बोलीसारखी आहे. टोपी बोलला की इफ्फनची आई आणि बहीण हसतात. दादी मध्ये पडते. उलट टोपीच्या घरी तो एकदा जेवणाच्या टेबलावर सहज 'अम्मी' म्हणतो आणि घर डोक्यावर घेतलं जातं, पोराला बेदम मार बसतो. एक शब्द फक्त! दादी ७२ वर्षांची, टोपी ८ वर्षांचा. त्याने तिच्या हातचं कधी काही खाल्लं नाही, तिने कितीही आग्रह केला तरी. म्हणजे आपण व्यासपीठांवर जे 'एका ताटात जेवण' सांगत असतो, ते इथे नाहीच. इथे आहे ते एवढंच की दोघांचं घरात कुणी ऐकत नाही, आणि दोघांना एकमेकांचं बोलणं कळतं.

आता आपल्या शहराकडे बघा. हे सिराज औरंगाबादींचं शहर. इथली दादी-नानी जी दखनी बोलते, तिच्यात 'नक्को' आहे. हा आपला 'नको'. 'मैंइच', 'ऐसाइच' यातला 'च' कुठून आला? मराठीतून. तो कुणी लादला नाही. बाजारात, शेतात, विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून तो जिभेवर बसला. आज मात्र उर्दूवाले म्हणतात, ही बिघडलेली उर्दू. मराठीवाले म्हणतात, ही मराठी नव्हे. मग आपण पाहुण्यांसमोर दादीला गप्प करतो. आणि आपण नीट मराठी बोललो की ऐकावं लागतं, 'अरे वा, तुझं मराठी किती छान!' जणू भाषा उसनी आणली आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा त्यांना असं कौतुक कोणी केलं असेल का, कोण जाणे.

मुद्दा धर्माचा की बोलीचा, हे राहींनी पुढच्याच प्रसंगात उघड केलं आहे, आणि परीक्षेत नेमका तोच विसरला जातो. दादी गेली. १० ऑक्टोबर १९४५ ला इफ्फनच्या वडिलांची बदली झाली. ते कलेक्टर होते. त्यांच्या जागी आले ठाकूर हरिनाम सिंह. बंगला तोच, आता माणसं हिंदू. ऐक्याच्या हिशोबाने टोपीची सोयच झाली म्हणायची! टोपी तिथे गेला. साहेबांची पोरं त्याच्याशी इंग्रजीत बोलली, बाचाबाची झाली आणि त्यांनी त्याच्यावर कुत्रा सोडला. सात इंजेक्शनं घ्यावी लागली. त्या बंगल्यात आता त्याची बोली समजणारं कुणी उरलं नव्हतं.

हाच टोपी मोठा होऊन अलीगढला जातो, इफ्फनही पुन्हा भेटतो, आणि तरीही शेवटी टोपी आत्महत्या करतो. ते धड्यात नाही. कादंबरी मिळवून वाचा. हिंदी अवघड नाही.

कुत्रा चावल्यावर टोपी कुणाकडे गेला? घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणीकडे, सीताकडे. त्या घरात कुणीही उठावं आणि तिला बोलावं, अशी तिची गत. टोपीचीही तीच. तो तिच्या पदराआड जाऊन बसू लागला. सीताबद्दल पुढच्या बैठकीत बोलू.