लसीच्या बाटलीतली पांढरी टिकली

आजची सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

भाचीला नऊ महिने पूर्ण झाले, तेव्हा गोवर-रुबेलाच्या लसीसाठी ताईबरोबर मीही आरोग्य केंद्रात गेलो होतो. सिस्टरनी बर्फाच्या डब्यातून एक छोटीशी तपकिरी काचेची बाटली काढली. बघतो तर रिकामी! उजेडाला धरली तेव्हा तळाशी पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं, बाकी काही नाही. मी आपला शहाणपणा केला, "सिस्टर, ही संपलीये बहुतेक." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या बाटलीतलं पाणी सिरिंजने आत सोडलं, बाटली हलवली, आणि ती पांढरी टिकली क्षणात विरघळली. मग लेबलवर पेनाने वेळ लिहिली, 10.40. मी विचारलं, वेळ कशाला? म्हणाल्या, "चार तासांनी फेकायची. उरली तरी."

पाणी घालायच्या आधी महिनोन्‌महिने टिकणारी लस पाणी घातल्यावर चार तासांत बाद का होते? आणि मुळात तिच्यातलं पाणी काढलं कसं? कारण त्या टिकलीत गोवराचे कमजोर केलेले, पण जिवंत विषाणू असतात. पापडासारखे उन्हात वाळवले तर ते मरतील.

आता जरा फिजिक्स. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

पाणी 100 अंशांना उकळतं हे आपण पाठ केलंय, पण ते समुद्रसपाटीवर. महाबळेश्वरला ते 95-96 च्या आसपासच उकळतं, लेहला 88 च्या जवळपास. वरून दाबणारी हवा कमी, म्हणून पाण्याला निसटणं सोपं. हा दाब तुम्ही कमी करत गेलात तर उकळायचं तापमान खाली येत राहतं. 60, 40, 20... आणि एका क्षणी ते थेट गोठणबिंदूला जाऊन भिडतं. तोच ट्रिपल पॉइंट, मराठीत त्रिक बिंदू. तापमान 0.01 अंश सेल्सिअस आणि दाब सुमारे 611 पास्कल, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. इथे बर्फ, पाणी आणि वाफ तिघंही एकत्र नांदतात. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, जरूर बघा. एकाच भांड्यात पाणी उकळतंय आणि गोठतंयसुद्धा. हा बिंदू इतका पक्का आहे की 1954 पासून 2019 पर्यंत केल्विन या एककाची व्याख्याच त्याच्यावर उभी होती.

पण आपल्या कामाची गोष्ट त्या बिंदूवर नाही, त्याच्या खाली आहे. दाब 611 पास्कलच्या खाली गेला की शुद्ध पाण्याला द्रवरूपात राहताच येत नाही. बर्फाला ऊब दिलीत तर तो वितळत नाही, सरळ वाफ होतो. शाळेत डांबरगोळ्यांच्या धड्यात शिकलेलं संप्लवन आठवतंय? तेच. (फ्रीजमधल्या आइस ट्रेमधले खडे महिनाभर विसरलात तर बारीक होतात, तेही संप्लवनच. तिथे फ्रीजरची कोरडी हवा ते काम करते, फारच सावकाश.)

द्रव टाळायचा एवढा अट्टहास कशासाठी? कारण नुकसान तिथेच होतं. पाणी आटत जातं तसे उरलेल्या थेंबात क्षार दाट होतात, रेणू हलत राहतात, प्रथिनांचा आकार बिघडतो. बर्फात मात्र सगळं जागच्या जागी थिजलेलं असतं. त्यातून नुसतं पाणी गुपचूप काढून घेतलं तर मागे स्पंजसारखा सांगाडा उरतो. सिस्टरच्या हातातली पांढरी टिकली म्हणजे हाच सांगाडा. छिद्रांची जाळी असल्यामुळेच पाणी आत शिरताच ती विरघळली.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की फ्रीज ड्रायिंग ट्रिपल पॉइंटवर होतं. तसं नाहीये. तिथे थांबलात तर पाणी होण्याचा धोका कायम. लस आधी उणे 40 च्या आसपास गोठवतात, मग चेंबरमधला दाब साधारण 10 पास्कलपर्यंत उतरवतात. उणे 30 अंशांच्या बर्फाच्या वाफेचा दाब असतो 38 पास्कल. 38 कडून 10 कडे, वाफ आपोआप बाहेर धावते.

आता गंमत बघा. याच वेळी बाटल्यांखालची शेल्फ गरम करावी लागते! बर्फाची वाफ व्हायला ग्रॅममागे साधारण 2800 जूल उष्णता लागते. ती दिली नाही तर बर्फ स्वतःच थंड होत जातो आणि काम अडतं. जास्त दिली तर सांगाडा मऊ होऊन बसकण मारतो, अख्खी बॅच वाया. म्हणून हे काम कित्येक तास, कधी काही दिवससुद्धा चालतं.

आणि ती वाफ जाते कुठे? मला वाटायचं, पंप ओढून घेत असेल. पण इतक्या कमी दाबाला एक ग्रॅम बर्फाची वाफ दहा हजार लिटरहून जास्त जागा व्यापते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या, तेही एका ग्रॅमसाठी! कुठला पंप पुरणार? म्हणून शेजारी उणे 50 किंवा त्याहून थंड नळ्या ठेवतात. वाफ तिथे जाऊन पुन्हा बर्फ होऊन चिकटते. शेवटी शेल्फ आणखी गरम करून चिकटून राहिलेला ओलावा काढतात आणि बाटली आतल्या आतच बंद करतात.

या खटाटोपाने काय साधलं, तर देवी गेली. देवीची द्रवरूप लस उन्हाळ्यात काही दिवसांतच निकामी व्हायची. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी लसीत पेप्टोन मिसळून ती अशी वाळवायची पद्धत बसवली. नंतर जागतिक आरोग्य संघटनेने अटच घातली, की लस 37 अंशांना महिनाभर टिकली पाहिजे. सायकलवरच्या पिशवीतून फ्रीज नसलेल्या गावात नेता येईल अशी लस. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे 1975 मधला.

गोवराची लस एवढी दणकट नाही, तिला वाळवूनही 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. जगातल्या गोवर लसीचा मोठा वाटा आपल्या पुण्यातून, सीरम इन्स्टिट्यूटमधून जातो, आणि तो अशाच वाळवलेल्या टिकल्यांच्या रूपात.

आता ते चार तास. पाणी परत आलं की थिजलेलं सगळं मोकळं होतं. विषाणू भराभर दुबळे होतात, आणि लसीत जंतुनाशक नसल्यामुळे बाहेरून शिरलेल्या जिवाणूंना आयतं घर मिळतं. 2017 मध्ये दक्षिण सुदानमध्ये पाणी मिसळलेली गोवराची लस फ्रीजबाहेर ठेवून चार दिवस वापरली गेली, सिरिंजही तीच. 15 मुलं दगावली.

म्हणून पुढच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "थांबा, अजून दोन-तीन बाळं येऊ द्या, मग वायल उघडते," तर चिडू नका. आमच्या वेळी त्या थांबल्या नाहीत. वायल पाच डोसची होती आणि बाळं आली तीनच. भाचीने भोकाड पसरलं, ताईने तिला उचललं, आणि 2.40 ला उरलेले दोन डोस टाकून दिले गेले असणार.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. आइस ट्रेमध्ये बारीक झालेले खडे सापडले तर फोटो पाठवा.